पहिल्या फेरीला मिस्त्री आत

विमानाच्या इंजिनियरला निवृत्तीनंतर नेरूळच्या हाउसिंग सोसायटीत काय मान मिळतो, हे ज्याला जाणून घ्यायचं असेल त्याने मला विचारावं. पहिल्या महिन्यात लोक आदराने विचारायचे, "तुम्ही पायलट होतात ना?" मी म्हणायचो, "नाही, मी विमानं दुरुस्त करायचो." त्यावर समोरचा दिलासा दिल्यासारखं म्हणायचा, "असू दे, तेही लागतंच." दुसऱ्या महिन्यापासून फिरणारी प्रत्येक वस्तू माझ्या दारात यायला लागली. मिक्सर, पाण्याचा पंप, टेबलफॅन, एका आजोबांची व्यायामाची सायकल. एकदा सेक्रेटरी म्हणाले, "लेलेसाहेब, लिफ्ट घरघर करतेय, जरा कान लावून सांगा." मी सांगितलं की मला लिफ्टमधलं कळत नाही, लिफ्टवाल्याला बोलवा. ते दुखावले. "म्हणजे जम्बोजेटचं कळतं आणि तीन मजली लिफ्टचं कळत नाही?" तेव्हापासून सोसायटीत माझी ख्याती 'वर जाणाऱ्या वस्तूंना हात न लावणारा विमानवाला' अशी आहे.

खरं म्हणजे आमच्या धंद्याचं सगळं सार या 'नाही' म्हणण्यातच आहे. विमान तपासून झालं की आम्ही एका कागदावर सही करतो. त्या सहीचा अर्थ, हे विमान उडायला योग्य आहे. सही पडली नाही तर वैमानिक, हवाई सुंदऱ्या, शेकडो प्रवासी आणि त्यांचं ट्रॉलीतलं गार जेवण, सगळे जमिनीवर. नोकरीत असताना एकदा एका मोठ्या पुढाऱ्याचं विमान मी टायरवरच्या चिरेसाठी थांबवलं. त्यांचा सचिव धावत आला, "साहेबांना उशीर होतोय." मी म्हटलं, "टायरला होत नाहीये." ते वाक्य मी पुढे बरीच वर्षं जेवणाच्या सुट्टीत सांगत असे. त्यानंतर मला पंधरा दिवस रात्रपाळी लागली होती, तो भाग मात्र गाळून.

आणि सही केल्यावर काय करायचं? कँटीनला जायचं. विमान तिकडे धावपट्टीवर पळत असायचं आणि मी इकडे बटाटेवडा खात असायचो. माझ्या सहीचं विमान वर गेलेलं मी कधी मुद्दाम मान वर करून पाहिलेलं नाही. त्यात बेपर्वाई नव्हती, सवय होती. पाकीट टाकल्यावर कोणी ते वाचतंय का, हे बघत पोस्टमन तिथे उभा राहत नाही.

तर, आमच्या बी विंगमध्ये राहणाऱ्या एका मुलीच्या मामाने ही लिफ्टची हकीकत ऐकली आणि एका रविवारी तो माझ्याकडे आला. दामोदर घरत, सगळे त्याला दामूशेठ म्हणतात. पन्नाशीचा, रुंद छातीचा, पांढरा शर्ट, पायांत महागडे बूट आणि ते दाराबाहेर काढून ठेवण्याची जुनी शिस्त. सोफ्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "साहेब, जो मानूस लिफ्टला नाय बोलतो तो मना पायजेल. हो बोलनारी मानसां माज्याकडं लय हायत, त्यांच्याच पायी इंजिन गेला."

दामूशेठकडे जायरोप्लेन होतं. परदेशातून सुटे भाग मागवून त्याने ते तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात स्वतः जोडलं होतं. ही चीज ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन माणसं पुढेमागे बसतील एवढी उघडी होडी समजा, खाली तीन चाकं. डोक्यावर हेलिकॉप्टरसारखा मोठा पंखा असतो, पण तो इंजिनावर फिरत नाही. इंजिन पाठीमागे असतं, त्याला दुसरा लहान पंखा असतो आणि तो यंत्राला पुढे ढकलतो. पुढे गेलं की वाऱ्यानेच वरचा पंखा फिरायला लागतो आणि यंत्र उचललं जातं. मोठी सोय ही की वर असताना इंजिन बंद पडलं तरी वरचा पंखा फिरत राहतो. यंत्र दगडासारखं कोसळत नाही, तरंगत खाली येतं. कुठे येतं, तो प्रश्न वेगळा.

हा उद्योग कशासाठी, असं मी विचारलं. दामूशेठ म्हणाला, "आमचा घर, शेती, सगला विमानतलाखाली गेला. पैसा भेटला, नाय बोलत नाय. पन जिथं आमचा आंगन होता तिथून आता इमानां उडतात. एकदा तिकीट काढून बसलो. खिडकीतून बघला तर खाली सगला शिमिट. मंग बोललो, जा, आपला इमान आपन करायचा." त्याने रीतसर शिकून परवाना काढला होता. दिल्लीच्या ज्या साहेबासमोर त्याची फाइल गेली तो म्हणे अर्धा तास एकच प्रश्न विचारत होता: वरचा पंखा इंजिनावर फिरत नाही, तर मग लावला कशाला? दामूशेठने शेवटी सांगितलं, "साहेब, हवेसाठी." हे उत्तर खोटं नव्हतं. फाइल पुढे गेली.

नव्या विमानतळाच्या आसपास असलं काही उडवायची सोय नाही, म्हणून दामूशेठ कर्जतच्या पलीकडे एका बंद पडलेल्या कंपनीच्या खाजगी धावपट्टीवर जात असे. यंत्राचे पंखे सोडवायचे, टेम्पोवर चढवायचं आणि न्यायचं. वाटेत टोलवाले विचारायचे, "कुठलं शूटिंग?" बरे दिवस चालले होते. मग एका सकाळी वर असताना इंजिन धापा टाकायला लागलं आणि बंद पडलं. दामूशेठ कापणी झालेल्या भाताच्या शेतात उतरला. त्याला खरचटलंसुद्धा नाही. पण त्याची बायको वनिता त्या दिवशी नेमकी बघायला आलेली होती. धावपट्टीवरून तिला फक्त आवाज थांबलेला कळला आणि झाडांमागे नवरा गायब झालेला दिसला. तो शेतातून चिखलाच्या पायांनी हसत चालत येईपर्यंत जी वेळ गेली, ती तिने कशी काढली हे तिने कोणालाच सांगितलं नाही. फक्त घरी आल्यावर निकाल दिला. एकदा दुरुस्त करून बघा. त्यानंतर एकदाही काही झालं तर हे विकायचं.

गिऱ्हाईकही तयार होतं. हायवेवरच्या एका ढाबेवाल्याला ते छपरावर बसवायचं होतं. खाली पाटी, 'एव्हिएशन फॅमिली रेस्टॉरंट'. पंख्याला दिव्यांच्या माळा. दामूशेठ हे सांगताना कसनुसा हसला. मग त्याला हसता येईना. "साहेब," तो म्हणाला, "मना त्येच्यात बसून तंदुरी खानारी पोरां दिसतात वो." त्या क्षणी मी हो म्हणून टाकलं.

तळोज्याच्या त्या गाळ्यात मी पुढचे कित्येक आठवडे काढले. चार सिलिंडरचं लहानसं इंजिन. उघडल्यावर एका बाजूच्या पिस्टनवर उभे ओरखडे, कडा भाजलेल्या. म्हणजे त्या बाजूला पेट्रोल कमी पडत होतं. शोधत शोधत पेट्रोलच्या नळीपर्यंत आलो. कंपनीने दिलेली काळी नळी काढून तिथे एक लालचुटुक नळी बसवलेली. ती आतून सुटून तिचा चुरा कार्ब्युरेटरमध्ये गेला होता.

"ही कुठून आणली?"

"मोटारसायकलच्या दुकानातून. रंगाला मॅच होत होती."

यंत्र लाल होतं, म्हणून नळी लाल. आमच्या धंद्यात अपघातांची कारणं लिहायला मोठमोठे शब्द असतात, पण कित्येकदा त्या सगळ्यांच्या तळाशी मॅचिंग असतं.

पिस्टन, रिंगा, सगळ्या नळ्या नव्या घातल्या. जोडलेलं इंजिन लगेच उडवत नाहीत. आधी जमिनीवर चालवायचं, कमी वेगात, जास्त वेगात, थांबवून गार करायचं, कुठे तेल पाझरतंय का बघायचं, बोल्ट पुन्हा आवळायचे. नव्या रिंगांना सिलिंडरची ओळख व्हायला वेळ लागतो. मग तेलाचा फिल्टर चक्क कापून त्याची घडी उलगडायची आणि उन्हात धरून बघायचं. धातूची चमक दिसली तर आत काहीतरी एकमेकांना खातंय. आम्हाला दिसली नाही. शेवटी यंत्र मागून दोरखंडाने बाहेर उभ्या असलेल्या कंटेनरच्या ट्रेलरला बांधलं आणि इंजिन पूर्ण जोरात सोडलं. शेजारच्या रसायनाच्या कारखान्यातला मॅनेजर नाकाला रुमाल लावून तक्रार करायला आला. "आवाजाचं प्रदूषण होतंय," तो म्हणाला. रुमाल स्वतःच्या कारखान्यासाठी होता.

सगळं मनासारखं झालं. मी हात पुसत होतो तेवढ्यात वनिताताई डबा घेऊन आल्या. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण. त्या उरणकडच्या, कोळ्याच्या घरातल्या. वडील आणि भाऊ समुद्रावर जाणारे. मला त्या पहिल्या दिवसापासून 'मिस्त्री' म्हणत. मी दोनदा सांगून पाहिलं होतं की माझ्याकडे इंजिनियरचं सरकारी लायसन आहे. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "मंग बराच हाय की. लायसनवाला मिस्त्री."

"झाला?" त्यांनी विचारलं.

"झालं. फर्स्ट क्लास. आता मी लिहून देतो की हे उडायला योग्य आहे."

"लिवून काय करायचा? तुमी बसनार ना?"

"मी? नाही. उडवायचं काम दामूशेठचं."

वनिताताईंनी डब्याचं झाकण लावलं. "मिस्त्री, आमच्यात होडीचा काम केला की पयल्या फेरीला मिस्त्री आत बसतो. ज्यानं फली ठोकली, ज्यानं इंजिन खोलला, तो. बंदराच्या भायेर जाऊन परत येईपर्यंत. मंगच त्याला शेला-नारल. नाय बसला तर होडी किनाऱ्याला. माज्या बापाच्या होडीत मिस्त्री पोहता येत नसताना बसलेला."

मी नियम पुढे केला. दुरुस्तीनंतरच्या चाचणी उड्डाणात प्रवासी चालत नाहीत, तसा कायदाच आहे.

"तुमी कुठं पॅसेंजर? तुमी मिस्त्री."

इथे दामूशेठने घात केला. म्हणाला, "साहेब, नियमात तपासनीला जरूरीचा मानूस चालतो. मीच वाचलाय." वाचलं होतं त्याने बरोबर. कागदावर मी निरीक्षक होऊ शकत होतो. माझ्या नोकरीत मी लोकांना नियम दाखवून गप्प केलं होतं, आता मलाच त्यातली पळवाट दाखवून वर चढवण्यात येत होतं.

मी म्हटलं, "ठीक आहे. पण मला आणखी दोन दिवस द्या."

दामूशेठ माझ्याकडे बघत राहिला. वनिताताई भाकरीचं फडकं घडी करत म्हणाल्या, "घ्या की. आमचा मिस्त्री पन नेहमी तवाच दोन दिवस मागतो."

त्या दोन दिवसांत मी काय केलं? इंजिनात चूक नव्हती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. सगळं पुस्तकाप्रमाणे होतं. तरी मी सगळे नट पुन्हा तपासले. पेट्रोलच्या नळीवर मी एक जुनीच क्लॅम्प परत लावली होती. पुस्तक म्हणत होतं, चांगली असल्यास परत वापरावी, आणि ती चांगली होती. आता ती माझ्याकडे बघायला लागली. मी ती बदलली. थ्रॉटलची तार बरी होती, बदलली. बोल्ट सुटू नयेत म्हणून पीळ देऊन बांधलेली एक तार होती, तिचे पीळ मला कमी वाटले. आदल्या दिवशी तेच पीळ पुरेसे होते. दुसरा माणूस बसणार असताना जे ठीक असतं ते आपण बसणार म्हटल्यावर बारीक अक्षरात वाचायला लागतं, हे मला वयाच्या पासष्टीत कळलं. देशातल्या सगळ्या दुरुस्त्यांना हा एकच नियम लावला तर पूल, लिफ्ट आणि इस्पितळं यांचं काय होईल याचा मी त्या दोन दिवसांत बराच विचार केला. आमच्या महानगरातल्या कित्येक उद्घाटनांना फीत कापायला कोणी मिळणार नाही.

घरी शुभाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं. मला वाटलं ती अडवेल. ती कपडे घडी करत म्हणाली, "जा ना. पण तो इस्त्रीचा शर्ट घालून जा. पेपरात फोटो आला तर?"

"कशासाठी येईल फोटो?"

"कशासाठीही येवो. शर्ट इस्त्रीचा असू दे."

उड्डाणाच्या दिवशी मी धावपट्टीवर पोचलो तर तिथे मांडव. चाचणीला चार माणसं पुरे असं मी बजावलं होतं. दामूशेठच्या मित्रमंडळाने ते चारशे ऐकलं असावं. फाटकावर बॅनर: 'गगनभरारी सम्राट दामूशेठ यांच्या फेरउड्डाणास हार्दिक शुभेच्छा'. खाली शुभेच्छुकांचे पंधरावीस चेहरे, सगळे फोनवर बोलत असलेले. मधोमध यंत्राचा फोटो, तो सैन्याच्या हेलिकॉप्टरचा होता. कोपऱ्यात मी. सोसायटीच्या ओळखपत्रावरचा फोटो कुठून तरी मिळवून मोठा केला होता आणि खाली लिहिलं होतं, 'मिस्त्री'.

मी कडक धोरण स्वीकारलं. पंख्याला झेंडूच्या माळा, काढा. पुढच्या चाकावर नारळ फोडायचा नाही. पेट्रोलच्या टाकीजवळ उदबत्ती अजिबात नाही. मागच्या पंख्याला लिंबू-मिरची बांधली होती, ती सोडून मी बांधणाऱ्याच्याच हातात दिली. मंडळाचे अध्यक्ष कुजबुजले, "नास्तिक हाय वाटता." मी इंजिनाकडे वळलो आणि तेल पुन्हा बघायला वाकलो. तेवढ्यात वनिताताई पितळी थाळी घेऊन आल्या. थाळीत कुंकवाचा करंडा, हळदीची वाटी, तांदूळ. "मिस्त्री, नुसता टिला लावते. येवढा चालेल?" ज्या माणसाने सगळ्या गोष्टींना नाही म्हटलेलं असतं ना, त्याला शेवटी एका गोष्टीला हो म्हणावंसं वाटतं. मी मान वर न करता म्हटलं, "लावा, लावा. टिळ्याने काय होतंय."

हेल्मेट घालून मी मागच्या सीटवर बसलो. पट्टे आवळले. मंडळींनी घोषणा दिल्या. दामूशेठने इंजिन सुरू केलं, वरचा पंखा सुरुवातीपुरता फिरवून घेतला आणि आम्ही पळायला लागलो. माझे दोन्ही डोळे त्याच्या खांद्यावरून तापमानाच्या काट्यावर, त्याचेही तिथेच. जिथे दुखणं झालं होतं तिथेच दोघांची नजर खिळलेली. हेल्मेटमधल्या फोनवर त्याचा आवाज आला, "टेम्परेचर ओके, ऑइल ओके." चाकांची खडखड थांबली. खाली मांडव पत्त्याएवढा झाला.

आणि इंजिन! काय सांगू? माझं इंजिन मी आतून पहिल्यांदाच ऐकत होतो. एकसारखं, भरीव, कुठे अडखळ नाही. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने "वा!" म्हटलं.

"वा काय, साहेब," कानात दामूशेठ म्हणाला. "स्पीडचा काटा झोपलाय."

वेगाचा काटा शून्यावर होता. यंत्र तर उडत होतं, म्हणजे वेग होता. काट्यालाच तो कळत नव्हता. नाकावर पुढे एक बारीक नळी असते, तिच्यात वारा शिरतो आणि त्या दाबावर काटा हलतो. जमिनीवर पळतानाच आम्ही त्याकडे बघायला हवं होतं आणि थांबायला हवं होतं. दोघेही इंजिनाच्या कौतुकात. आता उतरताना वेग कमी पडला तर यंत्र जमिनीपासून थोडं वर असतानाच धपकन बसणार, आणि जास्त राहिला तर धावपट्टी संपणार.

मला भीती वाटली. इस्त्रीचा शर्ट आठवला. मग मी स्वतःला विचारलं, काय चालू आहे? इंजिन चालू आहे, त्याच्या फेऱ्यांचा काटा मला दिसतोय. मी म्हटलं, "दामूशेठ, फेऱ्यांवर चालवा. रोज उतरताना थ्रॉटल कुठे ठेवता तुम्ही?" त्याने आकडा सांगितला. "तेवढाच ठेवा. नाक नेहमीसारखं धरा. मी आकडा बोलत राहतो, तुम्ही फक्त बाहेर बघा." एक वळण, दुसरं वळण. मी मागून आकडा म्हणत होतो, सोसायटीत तंबोला लावल्यासारखा. तो म्हणाला, "गालाला वारा रोजच्यावानी लागतोय." धावपट्टी समोर आली, मोठी झाली. आम्ही जरा जोरातच टेकलो, एकदा उसळलो आणि धावत जाऊन थांबलो.

मंडळ धावत आलं. उसळी सगळ्यांनी पाहिली होती. अध्यक्ष म्हणाले, "परत इंजिन गेला ना? मी बोल्लोच होतो." ढाबेवाला कुठून तरी उगवला होता, तो चाकं मोजायला लागला. दामूशेठ उतरला आणि कोणाशीच न बोलता यंत्राच्या लाल पत्र्यावर हात ठेवून उभा राहिला. वनिताताई सरळ माझ्याकडे आल्या. चेहरा पांढरा पडलेला. "मिस्त्री, काय झाला? खरा सांगा."

मी नाकाजवळ गेलो आणि वाकलो. नळीचं तोंड ओल्या कुंकवाने बंद होतं, वर तांदळाचे दोन दाणे चिकटलेले. त्यांनी टिळा पत्र्यावर नव्हता लावला. यंत्राचं नाक म्हणून पुढे आलेलं जे काही होतं, त्याच्याच टोकावर अंगठा दाबून, मनापासून लावला होता. मी क्लॅम्प बदलल्या, तारा बदलल्या, लिंबू-मिरची उतरवली, आणि शेवटी या टिळ्याला मान वर न करता परवानगी दिली.

सांगू की नको असं मला झालं. खोटं बोललो तर इंजिनावर येणार आणि यंत्र ढाब्यावर. खरं सांगितलं तर त्या बाईवर येणार, सगळ्या गावासमोर. मी म्हटलं, "इंजिन उत्तम आहे. वेगाच्या नळीत कुंकू गेलं. मी बघायला हवं होतं, बघितलं नाही."

कोणीतरी खो खो हसलं आणि दामूशेठ भडकला. "तुला कोनी सांगितला नलीला टिला लावायला? आक्ख्या गावासमोर..."

वनिताताईंनी हात वर केला. त्याला गप्प करण्याची ती सराईत खूण असावी. तो गप्प झाला.

"म्हंजे बिघाड इंजिनाचा नाय."

"नाही," मी म्हटलं.

"बिघाड मी केला."

"तसं..."

"मी केला. मंग काडनार कोन? मीच काडनार. कसा काडायचा ता सांगा."

मी नळी आतल्या बाजूने काट्यापासून सोडवली, त्यांना बारीक तार दिली. त्या जमिनीवर बसल्या आणि मासा साफ करावा तसं सावकाश, नीट, सगळं कुंकू बाहेर काढून त्यांनी पदराने टोक पुसून घेतलं. मी हवा सोडून खात्री केली, नळी जोडली. दामूशेठने यंत्र धावपट्टीवर एकदा नुसतं पळवून आणलं. काटा झकास उठला.

"झाला?" वनिताताईंनी विचारलं. आणि त्या माझं हेल्मेट उचलून डोक्यात घालायला लागल्या.

"वनिताताई, हे चालणार नाही. अजून चाचणीचे तास पुरे व्हायचेत. प्रवासी नेता येत नाही."

"मी कुठं पॅसेंजर?" त्या म्हणाल्या. "मी मिस्त्री."

दामूशेठ म्हणाला, "वने, तुला भीती वाटत्ये." त्या म्हणाल्या, "वाटत्येच. त्या दिवशी हितं उभी राहून वाटली त्याच्यापरास कमी वाटंल." आणि बाजूला ठेवलेली थाळी उचलून त्यांनी माझ्या हातात दिली, कारण सगळ्यांत जवळ मीच होतो.

यंत्र पळालं, उचललं गेलं, वळलं. मंडळ मांडवात वडापाव खायला गेलं. मला कोणीतरी हाक मारली, "मिस्त्री, चला, गरम हायत." आयुष्यभर मी अशा हाकेला ओ दिली होती. त्या दिवशी पाय निघेनात. लाल ठिपका डोंगराच्या कडेला गेला. त्या ठिपक्यात माझी क्लॅम्प होती, माझ्या तारा होत्या, माझ्या हाताने आवळलेला प्रत्येक बोल्ट होता, आणि ती दोन माणसं. मी नव्हतो. मी तिथे असतो तर बरं झालं असतं असं मला मनापासून वाटलं. छत्तीस वर्षं मी माणसं वर पाठवली आणि त्यांच्याखाली असा एकदाही उभा राहिलो नाही.

ठिपका डोंगराआड गेला तसा मी कान टवकारले. इंजिनाचा आवाज येत होता, दुरून, बारीक. पण त्याच्यात दुसरा एक आवाज मिसळला होता. टिक टिक टिक, बारीक, धातूवर धातूचा, अनियमित. माझ्या अंगाला घाम फुटला. व्हॉल्व्ह सैल? की एखादा बोल्ट? मी डोळे मिटून ऐकू लागलो. आवाज वाढत होता. मी काय विसरलो, काय राहिलं, सगळं इंजिन मनात पुन्हा उघडलं.

यंत्र डोंगराआडून बाहेर आलं, ठणठणीत, भरल्या आवाजात. टिकटिक मात्र अगदी जवळून येत होती. मी डोळे उघडून खाली पाहिलं. थाळीतला पितळी करंडा वाटीवर आपटत होता, आणि थाळी माझ्या दोन्ही हातांत होती.